मिरचीचा काही दोष नव्हता

काही सत्यं अशी असतात, की ती उच्चारल्यावाचून माणसाच्या आत्म्याला शांती लाभत नाही.

हे वाक्य लिहिलं, उठलो, चहा पिऊन आलो आणि परत वाचलं. खोटं आहे. माझ्या आत्म्याला इतकी वर्षं बऱ्यापैकी शांती आहे. झोप लागते, जेवण जातं. साखर थोडी वाढली आहे, पण तिचा या गोष्टीशी संबंध नाही. तरीही सांगतो — हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही.

गोष्ट मधमाश्यांची आहे. म्हणजे — माझीच आहे. माश्या फक्त उडून गेल्या.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी सौंसरला, म्हणजे बोली मराठी आणि सरकार हिंदी अशा गावात, एका शाळेत मास्तर होतो, नोकरी नुकतीच पक्की झाली होती. त्या सुमारास सरकारच्या मनात आलं की संत्र्याच्या मुलखात लोकांनी मधमाश्या पाळाव्यात. छिंदवाड्याला आठवडाभराचं प्रशिक्षण ठेवलं होतं. जायला कोणी तयार होईना, म्हणून शिकलेला माणूस म्हणून मला पाठवलं. शेवटच्या दिवशी एका साहेबांनी हार घालून प्रमाणपत्र दिलं. आता हे बघा — हार, शाल, स्वागतगीत यांची मी जन्मभर टिंगल करत आलो आहे. शाळेत पाहुणे आले की त्यांच्या भाषणात 'ज्ञानरूपी' शब्द कितीदा येतो ते मी बोटांवर मोजायचो. पण ते प्रमाणपत्र मी चौकटीत बसवून बैठकीत लावलं. खिळाही चांगला दणकट ठोकला.

सौंसरहून बोरगावकडे जाताना धोंडबाजींचा संत्र्याचा बगीचा होता. त्यात एक जुनं आंब्याचं झाड, गच्च सावलीचं. त्याच्या आसपास आम्ही सहा जणांनी मिळून पेट्या मांडल्या. पेटी ज्याची त्याची, मध ज्याचा त्याचा. पण राखण, पाणी आणि सावली सगळ्यांची, असं ठरलं होतं. 'सावली सगळ्यांची' हे वाक्य माझंच. पहिल्या बैठकीत मी ते उभं राहून म्हटलं होतं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या.

तो उन्हाळा आठवला की अजून अंगात गुदगुल्या होतात. संत्र्याचा बहार सरला की कडुनिंब फुलायचा, मग जांभूळ, मग करंज. करंज फुलला की पेटीच्या दारात अशी झुंबड उडायची की सौंसरच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीलाही तेवढी नसे. पेटीवर ओलं गोणपाट टाकायचं. मातीच्या परळात खडे घालून पाणी ठेवायचं, म्हणजे माशी खड्यावर बसून पिते, बुडत नाही. पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. उन्हाळ्यात त्या दिवसभरात सुकतात, म्हणून रोज भरायच्या. त्यासाठी आठवडाभर एकेकाची पाळी असायची.

पेट्यांची नावं धोंडबाजींनी ठेवली होती. धोंडबाजी बोलायचे कमी, पण नाव ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जवळ गेलं की विनाकारण मारहाण करायची ती 'फौजदार'. ऐट फार आणि काम बेताचं ती 'पाटलीण'. माझ्या एका पेटीला 'हेडमास्तर' म्हणायचे. आवाज मोठा आणि मध कमी, म्हणून. मी हसलो होतो. कौतुकाचं नाव आहे असं त्या वेळी मला वाटलं होतं.

एका पेटीचं नाव मात्र त्यांनी ठेवलं नव्हतं. ती शेवंताबाईची होती आणि तिनंच तिला 'सोनी' म्हटलं होतं.

शेवंताबाई बौद्ध मोहल्ल्यातली. बगीच्याच्या धुऱ्याला लागून तिचं थोडं कापसाचं वावर होतं. नवरा सौंसरच्या जिनिंगमध्ये कामाला. चैत्र-वैशाखात ती मिरची कांडून द्यायची — अर्ध्या गावाचं वर्षाचं तिखट तिच्या उखळातून निघायचं. आणि ते उखळ असायचं त्याच आंब्याखाली, पेट्यांपासून वीसेक पावलांवर. दिवसभर मुसळाचा धप्-धप् आवाज आणि त्याच्या तालावर तिचं बोलणं. मोहल्ल्यापासून तहसिलीपर्यंत कोणीही तिच्या तोंडातून सुटायचं नाही. मी पेट्यांकडे निघालो की मुसळ थांबायचं.

"आले मास्तर. आता माशा उभ्या राह्यतीन अन् 'एकसाथ नमस्ते' म्हंतीन."

मिरचीचा ठसका लागून आम्ही सगळे शिंकायचो. माश्या शिंकत नव्हत्या. त्या दोन वर्षं त्याच आंब्याखाली त्याच ठसक्यात सुखानं राहत होत्या. हेही लक्षात असू द्या.

सोनी अतिशय शांत वसाहत होती. धूर न देता, हातमोज्यांशिवाय पोळ्याची चौकट उचलली तरी माश्या आपल्या कामात. आणि मध मात्र सगळ्यांत जास्त. त्या वर्षी शेवंताबाईनं मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं, की विहारातली बुद्ध पौर्णिमेची खीर यंदा सोनीच्या मधाची. अख्ख्या मोहल्ल्याची खीर. "गुळाची खीर लय वर्सं खाल्ली," ती म्हणायची, "यंदा माह्या लेकीच्या हातची." मोहल्ल्यातली पोरं येताजाता लांबून त्या पेटीकडे अशी बघायची, जणू कढई आधीच चढली आहे.

हे सगळं मी लांबण लावून का सांगतोय? मुद्द्यावर यायला जीव धजत नाही म्हणून. येतो.

त्याच चैत्रात माझं लग्न जमत होतं. मुलगी पांढुर्ण्याची, नाव नलू. तिचे वडील एका सकाळी मुलगा पाहायला आले. घर दाखवलं, प्रमाणपत्र दाखवलं — ते दिसेल अशाच जागी होतं — आणि म्हटलं, चला, बगीचा दाखवतो. शेवंताबाई कांडत होती. तिला विचारलं, सोनी उघडू का? 'फौजदार' उघडून सासरे गमवायचे नव्हते.

"हाव, दाखवा ना," ती म्हणाली. "माही सोनी कोनाले डसत नाही. पन मास्तर, पाह्यनी तुमची होऊन राह्यली का तिची?"

मी उघड्या हातांनी चौकट उचलली. माश्यांनी भरलेली चौकट हातात धरून मी अर्धा तास बोललो — राणी, कामकरी, शिस्त, त्याग, समाजजीवन. 'ज्ञानरूपी' शब्दही एकदा आला. तो मी मोजला नाही.

दोन दिवसांनी सासऱ्यांसोबत नलूचे दोन मामा आले. पुन्हा सोनी. या वेळी शेवंताबाई नव्हती, मोहगावच्या बाजाराला गेली होती. विचारायचं कोणाला? असं मी मनाशी म्हटलं. ती परत आल्यावरही विचारलं नाही, सांगितलंही नाही. उन्हाळ्यात पेटी आठ-दहा दिवसांतून एकदाच उघडायची, तीही सकाळी किंवा कलत्या उन्हात, आणि चौकट नेहमी उभी धरायची, हे इतर पाच जणांना शिकवणारा मीच होतो. खडू घेऊन फळ्यावर काढून शिकवलं होतं.

आणि त्याच आठवड्यात नलू स्वतः आली. बोरगावला कोणाचं तरी लग्न असल्याचं निमित्त, सोबत एक काकू. त्या काळी मुलीनं मुलाकडे यायचं म्हणजे काय होतं, हे आताच्या लोकांना सांगून कळणार नाही. भर दुपार. शेवंताबाई सकाळचं कांडण आटोपून जेवायला घरी गेलेली. काकू पदर डोक्यावर घेऊन संत्र्याच्या झाडाखाली बसल्या आणि त्यांना डुलकी लागली. देव त्यांचं भलं करो.

नलू म्हणाली, "बाबा सांगत होते तुमच्या हातावर माशा बसतात."

बसतात म्हणजे? मी झाकण काढलं. शेवटची चौकट उचलली — नवं कोरं पोळं, मधानं तट्ट भरलेलं, अजून पांढरंशुभ्र. तिला नीट दिसावं म्हणून मी ती आडवी केली. ताटात पेढे धरावेत तशी, दोन्ही हातांवर. चैत्रातली दुपार, मऊ झालेलं मेण, आणि वर मधाचं ओझं. पोळं चौकटीतून सुटलं आणि पेटीत कोसळलं.

मोठा आवाज झाला नाही. ओल्या भिंतीचा पोपडा पडावा तसा. खाली किती माश्या चिरडल्या, मी पाहिलं नाही — पाहायचं नव्हतं. मध पेटीच्या फटींतून पाझरून बाहेर आला आणि पायावरून ओघळायला लागला. नलूनं बोट लावून चाटलं.

"एवढं सोपं असते काय मध काढणं?"

मी म्हटलं, "हो."

ती हसली. कशी हसली ते मी लिहून सांगणार नाही, माझ्याकडे तेवढं मराठी नाही. मी झाकण लावलं. आत पोळं पडलेलं, मध सांडलेला. त्या आठवड्याची पाण्याची पाळी माझी होती. वाट्या सकाळपासून कोरड्या होत्या. पडलेलं पोळं काढायला, पेटी पुसायला, वाट्या भरायला किती वेळ लागला असता? दोन माणसं उसाचा रस पितात तेवढा. मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो आणि उसाचा रस प्यालो. पांढुर्ण्याची गाडी गेल्यावर बगीच्याकडे न वळता सरळ घरी गेलो. रस्त्यानं गात होतो. मला गाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बगीच्यात गेलो. कशामुळे गेलो? मनात कुठेतरी ठाऊक होतंच. पेटीच्या चारी पायांवरून मुंग्यांच्या काळ्या दोऱ्या वर चढत होत्या. आत एकही माशी जिवंत नव्हती. ज्या जगल्या होत्या त्या राणीला घेऊन गेल्या होत्या, पिल्लं टाकून. आमची सातेरी माशी स्वाभिमानी आहे — फार छळ झाला की भांडत बसत नाही, घर सोडते. सोनी कोणाला डसायची नाही. जातानाही डसली नाही.

आता इथपर्यंत जे झालं ते निष्काळजीपण. बढाई. तरुणपण म्हणा. यापुढचं मात्र तसं नाही.

मी पडलेलं पोळं उचलून नाल्यात फेकलं. पेटी पुसली. मुंग्या झटकल्या. वाट्या काठोकाठ भरल्या. रिकामी चौकट परत लावली. शाळेत परीक्षेच्या आधी बाकांवरची अक्षरं पुसून घेतात, तसं सगळं नीटनेटकं केलं. आणि मग धोंडबाजींना हाक मारली.

थोड्या वेळात सगळे जमले. शेवंताबाई आली, तिनं पेटीत डोकावून पाहिलं. मग तिनं ती चौकट उचलली. उभी धरून — मी शिकवलं होतं तशी.

"मास्तर, हे चौकट कोरी कायची? माह्या हातानं पाह्यली होती म्या. भरली होती."

"माशी जाताना पोटभर मध खाऊन जाते," मी म्हटलं. हे खरं आहे.

"अन् पोळं? थे बी खाऊन जाते काय?"

"जाते," मी म्हटलं. हे खरं नाही. जगात कुठलीच माशी पोळं खाऊन जात नाही.

धोंडबाजी माझ्याकडे पाहत होते. "पन गेली कायनं, मास्तर? तुमाले तं माहीत असन."

माहीत होतं. सगळ्या बगीच्यात मला एकट्यालाच माहीत होतं. आणि मी आंब्याखालच्या उखळाकडे पाहिलं. आधी नुसतं पाहिलं, पण पाच जणांची नजर माझ्या नजरेमागे गेली. मग बोलावंच लागलं. मी म्हटलं, माशीचं नाक फार तीक्ष्ण असतं. हवा गरम झाली की मिरचीचा ठसका वर न जाता खालूनच पसरतो. छिंदवाड्याला आम्हाला हे सांगितलं होतं.

छिंदवाड्याला असं काही सांगितलं नव्हतं.

वारा होता, मुंग्या होत्या, ऊन होतं. दोष द्यायला काय कमी होतं? मग मी मिरचीच का निवडली? याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं स्वतःला दिलं नाही. धोंडबाजींची बायको त्या झाडाखाली मिरची कांडत असती, तर मी वाऱ्याचं नाव घेतलं असतं. शेवंताबाईचं नाव घेणं सोपं होतं. तिच्याकडे दोष ढकलला तर तो वाटेत कुठे अडणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी आठवीचे 'समता' विषयावरचे निबंध तपासत होतो. दहापैकी सात-सात गुण देत होतो.

कोणी तिला काही बोललं नाही. एवढंच झालं, की धोंडबाजी खाकरले आणि म्हणाले, "मंग आता थे उखळ..." आणि पुढचं बोलले नाहीत. शेवंताबाईनंच ते लाकडी उखळ आडवं केलं आणि लोटत लोटत नाल्यापलीकडे नेलं, एका जुन्या मोहाच्या झाडाखाली. मोठं झाड, पण चैत्रात मोहाला पान नसतं. नुसत्या फांद्या. त्या फांद्यांच्या सावलीत, म्हणजे उन्हात, ती त्या दिवसापासून मिरची कांडायला लागली.

सावली सगळ्यांची.

त्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला खीर गुळाचीच झाली. मी माझ्या पेटीतला मध देऊ केला, तर म्हणाली, "राहू द्या मास्तर, 'हेडमास्तर'चा मध हाय, खिरीत बी भाषन करन." मलाही बोलावलं होतं. गेलो. दोन वाट्या खाल्ल्या. चांगली झाली होती.

तुम्हाला वाटेल, ती खचली असेल, चिडली असेल. तसं झालं असतं तर कदाचित मी बोललो असतो. झालं भलतंच. पंधरा दिवसांत तिनं त्या प्रकाराची गोष्ट केली. बाजारात, मोहल्ल्यात, बसमध्ये — "माह्याच मिरचीनं माहीच सोनी पळाली. अन् पळाली तं पळाली, सगळं खाऊन पळाली. मेनासकट. रुसलेली सून बी दागिने नेते, भिताडं नाही नेत." लोक पोट धरून हसायचे. दरवर्षी गोष्टीत भर पडत गेली. एका वर्षी सोनी जाताना उखळाभोवती फेरी मारून गेली. पुढल्या वर्षी शिंकत गेली. आणि प्रत्येक वेळी गोष्टीत एक हुशार मास्तर असायचा, ज्यानं नुसतं पाहून कारण ओळखलं. तिथं आलं की ती माझ्याकडे हात करायची. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं. मोहाखाली कांडता कांडता पडली. चार दिवस घरात, कपाळावर कांद्याच्या चकत्या. मी ग्लुकोजचा डबा घेऊन भेटायला गेलो. बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "काय नाही मास्तर, सोनी गेली तशी मी बी चालली होती. पन माह्याजवळ खाऊन जाले पोळंच नव्हतं." घरातले सगळे हसले. मीही हसलो. बोलायचं असेल तर ती जागा होती, ती वेळ होती. मी ग्लुकोज पाण्यात कसं ढवळायचं ते समजावून सांगितलं आणि घरी आलो.

त्यानंतरच्या वर्षी त्याच मोहाच्या ढोलीत सातेरी माश्यांची एक वसाहत येऊन राहिली. शेवंताबाईच्या डोक्यावर हातभर. खाली मुसळ चालू, मिरचीचा लाल धुरळा वर जातोय, आणि माश्या आपल्या ढोलीत ये-जा करताहेत. एक उन्हाळा नाही, तीन उन्हाळे. सगळं गाव ते पाहत होतं. एकालाही काही वावगं वाटलं नाही. मी पाहायचो आणि घाम पुसायचो. शेवंताबाईनं खुलासाही केला होता — "ह्या जंगली हायेत, यायले तिखट चालते. माही सोनी नाजूक होती."

आता नलूचं. तिच्याशी माझं लग्न ज्येष्ठात झालं आणि ते आजतागायत फार छान चाललं आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण कबुलीजबाबात लोक संसार मोडलेला दाखवतात. आमचा मोडला नाही. नलू अजून सगळ्यांना सांगते, की पहिल्याच भेटीत यांनी पेटीतून ताजा मध काढून मला चाखवला. मग ती उजव्या हाताचं पहिलं बोट वर करते. त्या बोटाकडे पाहून मी आयुष्यात कितीतरी भांडणं अर्ध्यावर सोडून दिली. ते बोट कोणाच्या खिरीत बुडालेलं होतं, हे तिला कसं सांगू? एका खोट्यानं दोन बायकांना दोन गोष्टी दिल्या, आणि दोघीही त्या मजेत सांगतात. खरं सांगितलं तर दोन्ही गोष्टी मोडतील. असं मी स्वतःला समजावत आलो. पण ही काही सबब नाही. मोहाखाली उन्हात गोष्ट बसत नव्हती, शेवंताबाई बसत होती.

आणि सासरे? लग्नानंतर काही वर्षांनी सहज बोलता बोलता म्हणाले, त्या दिवशी त्यांनी माश्या पाहिल्याच नव्हत्या. मी बोलत होतो तो सगळा वेळ ते डोळे मिटून उभे होते. लहानपणी आग्या माशी चावल्यापासून त्यांना भीती वाटते. मग मी पसंत कसा पडलो? "नोकरी पक्की होती ना जावईबापू," ते म्हणाले.

दशक संपता संपता छिंदवाड्याहून एक साहेब जीपनं आले. आमचा बगीचा आदर्श ठरला होता. हार झाले, नारळ झाला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. मग कोणीतरी शेवंताबाईला म्हटलं, सोनीची गोष्ट सांग. तिनं सांगितली. त्या दिवशी तिला सूर फारच लागला होता. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, "यह तो अनुभवसिद्ध बात है," म्हणाले आणि सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगितलं. मेण खाऊन गेली, हेसुद्धा. मग माझ्याकडे वळून विचारलं, आपका क्या कहना है? त्या सकाळनंतर पहिल्यांदा कोणीतरी मला सरळ विचारलं होतं. समोर शेवंताबाई उभी होती, गोष्ट सांगून फुललेली, पदरानं घाम पुसत.

"जी, बिल्कुल सही," मी म्हटलं.

पुढल्या महिन्यात सरकारी पत्र्याचा फलक आला. आंब्याच्या बुंध्याला लागून उभा केला. हिंदीत तीन नियम. एक, पेटियाँ बार-बार न खोलें. दोन, गर्मी में कटोरियों में पानी भरा रखें. तीन, पेटियों के पास मिर्च न कूटें.

तर कबुली एवढीच. पेटी मी न विचारता उघडली, पोळं मी पाडलं, वाट्या मी भरल्या नाहीत, आणि नाव तिचं घेतलं. समज होती, वेळ होता, संधीही मिळाल्या. बोललो नाही. शेवंताबाई आता थकली आहे, कांडत नाही, चक्की आली आहे. विहाराच्या वाचनालयाची किल्ली तिच्याकडे असते. तिथं येणारा मासिकांचा प्रत्येक अंक ती आधी स्वतः वाचते, मग टेबलावर ठेवते. हे छापून येईल, तेही वाचेल.

पेट्या केव्हाच गेल्या, बगीच्यात आता धोंडबाजींचा नातू संत्रं घेतो. फलक अजून आंब्याखाली आहे. ऊन-पावसानं पहिले दोन नियम पुसून गेले आहेत. तिसरा वाचता येतो.